जोडी म्हणून आणलेले दोन पक्षी

झेब्रा फिंच दुकानात जोडीनेच विकले जातात. दुकानदार जाळीत हात घालून एक नर आणि एक मादी पकडतो, भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात त्यांना घालतो आणि पिंजऱ्यात टोपली टांगली की महिन्या-दोन महिन्यांत पिल्ले होतील, असे सांगून मोकळा होतो. गोव्यात म्हापशाच्या एका दुकानातून आम्ही डिचोलीला आणलेले दोन पक्षी असेच आले होते. नर राखाडी, मादी पांढरी. दोघेही धडधाकट होते, खात-पीत होते, अंघोळीच्या थाळीत पाणी उडवत होते. फक्त एकमेकांशी त्यांना काही देणेघेणे नव्हते, आणि पावसाळा सरत आला तरी सूत जुळण्याचे एकही चिन्ह दिसत नव्हते.

हा पक्षी मूळचा ऑस्ट्रेलियातला. लांबी जेमतेम 10 सेंटिमीटर, वजन 12 ते 15 ग्रॅम. नराच्या गालावर नारिंगी ठिपका, गळ्यावर काळ्या-पांढऱ्या बारीक रेघा, त्याखाली छातीवर काळा पट्टा आणि कुशीला तपकिरी रंगावर पांढरे ठिपके असतात. मादीला यातले काहीच नसते, ती साधी राखाडी असते. पांढऱ्या प्रकारात मात्र नराच्याही या साऱ्या खुणा नाहीशा होतात आणि ओळखीला चोचीचा रंग व गाणे एवढेच उरते, कारण नराची चोच लालभडक व मादीची फिकट नारिंगी असते आणि गातो तो फक्त नर. आमची पांढरी कधीच गायली नाही आणि तिची चोचही फिकट होती, त्यामुळे ती मादीच होती याविषयी शंका उरली नाही. ही खात्री सर्वांत आधी करून घ्यावी. दोन माद्याही एकत्र घरटे करतात, दोघी मिळून आठ-दहा अंडी घालून मन लावून उबवतात, आणि पाळणारा मात्र अंडी का फुटत नाहीत याचा शोध आहारात घेत बसतो.

आपल्या भातशेतांत थव्याने उतरणाऱ्या ठिपकेवाल्या मनोल्या याच कुळातल्या आहेत. पण त्यांना पकडणे, विकणे किंवा घरात ठेवणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. बाजारात कधीकधी हिरवे-गुलाबी रंग फासलेले छोटे पक्षी दिसतात, ते बहुधा रानातून पकडलेल्या मनोल्याच असतात आणि त्यांच्या वाटेला जाऊ नये. झेब्रा फिंच पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेला आहे, म्हणून तो घरात ठेवता येतो, आणि त्याच कारणाने त्याला कंटाळून बाहेर सोडून देणेही योग्य नव्हे.

आमच्या दोघांचे वागणे थोडक्यात असे होते. नर सकाळी दांडीवर ताठ उभा राहून गाऊ लागे आणि गात गातच बारीक उड्या मारत मादीकडे सरके. मादी तो चोचीच्या अंतरावर येईपर्यंत स्वस्थ बसे आणि मग मान पुढे काढून चोच उघडून त्याच्यावर धावून जाई. तो मागे सरे, चोच दांडीवर दोन्ही बाजूंनी पुसे आणि पुन्हा गाऊ लागे. रात्री दोघे दांडीच्या दोन टोकांना झोपत. माझी आई दुपारी पडवीत बसून हे सारे पाहत असे. ती एकदा म्हणाली, "अरे बाबू, तिला हे स्थळ पसंत नाही. तू कितीही टोपल्या टांगल्यास तरी ती बसायची नाही." मला ते तेव्हा चेष्टेत काढल्यासारखे वाटले, पण त्यानंतर जे वाचनात आले ते तिच्याच बाजूचे होते.

जर्मनीतील माक्स प्लांक पक्षिशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी 2015 साली नेमका याच प्रश्नावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी झेब्रा फिंचच्या माद्यांना नरांच्या घोळक्यातून आपला जोडीदार निवडू दिला. मग निम्म्या जोड्या तशाच ठेवल्या आणि उरलेल्या निम्म्या मोडून त्यांतल्या पक्ष्यांना दुसऱ्याच कोणाच्या तरी पसंतीचा जोडीदार दिला. आपखुशीने जमलेल्या जोड्यांची जगलेली पिल्ले लादलेल्या जोड्यांपेक्षा 37 टक्क्यांनी अधिक होती. लादलेल्या जोड्यांत न फळलेली अंडी अधिक होती, अंडी हरवण्याचे प्रमाण अधिक होते आणि पहिल्या काही दिवसांत दगावणारी पिल्लेही अधिक होती. नर गाणे तितकेच म्हणत होते, पण माद्या त्यांना प्रतिसाद कमी देत होत्या. लादलेल्या जोडीला पिल्ले होतच नाहीत असा याचा अर्थ नाही. पुष्कळांना होतात, आणि म्हणूनच दुकानदारांचे चालते. परंतु जेथे मादी महिनोन्‌महिने नराला जवळ येऊ देत नाही, तेथे टोपली बदलणे, जागा बदलणे, औषधाचे थेंब पाण्यात घालणे हे सारे उपाय मूळ दुखणे सोडून भलतीकडेच केलेले असतात.

निवड करू द्यायची तर निवडीला पक्षी हवेत. फोंड्याच्या एका परिचितांकडे मोठ्या जाळीच्या खोलीत हे पक्षी होते, त्यांच्याकडून आम्ही आणखी काही नर आणि माद्या आणल्या. सगळे एकमेकांना अनोळखी आणि सहा महिन्यांच्या वरचे असावेत, एवढीच अट घातली होती. तीन महिन्यांचा फिंच अंडी घालू शकतो, पण त्या वयात मादीचे शरीर पुरते भरलेले नसते आणि अंडे अडकण्याचा धोका फार असतो. नवे पक्षी आधी महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवले, कारण पिसांतल्या किडी आणि श्वासनळीत शिरणारे माइट नावाचे सूक्ष्म जीव असल्या पाहुण्यांबरोबर घरात येतात. मग सुमारे चार फूट लांबीच्या पिंजऱ्यात सगळ्यांना एकत्र सोडले. फिंच वर-खाली कमी आणि आडवा अधिक उडतो, त्यामुळे पिंजरा उंच असण्यापेक्षा लांब असणे महत्त्वाचे असते. घरटे एकही ठेवले नाही. घरटे दिसले की जोडी जमण्याआधीच त्याच्या मालकीवरून भांडणे लागतात.

पक्षी ओळखू यावेत म्हणून पायांत रंगीत कडी घालण्याची पद्धत आहे. नॅन्सी बर्ली या अमेरिकी संशोधिकेने 1980 च्या दशकात असे मांडले की तांबडे कडे घातलेला नर माद्यांना अधिक आवडतो आणि हिरवे कडे घातलेला कमी. पुढे इतरांनी केलेल्या प्रयोगांत तसे काही आढळले नाही, आणि तो वाद अजून पुरता मिटलेला नाही. आम्ही आपले सावध राहून नरांना काहीच घातले नाही; ठिपक्यांच्या आणि छातीवरच्या पट्ट्याच्या फरकावरून ते ओळखता येत होते.

एकत्र सोडल्यानंतरचे पहिले काही दिवस नुसता गोंधळ होता. प्रत्येक नराचे गाणे वेगळे असते. दोन-तीन सेकंदांची एकच ओळ तो जन्मभर जशीच्या तशी घोळवतो, आणि सगळे एकदम गाऊ लागले की पडवीत बोलणे ऐकू येत नसे. मग हळूहळू चित्र स्पष्ट होऊ लागले. आमच्या पांढरीने, जिने राखाडी नराला इतके दिवस दांडीच्या टोकाला ठेवले होते, तिने एका फिकट तपकिरी नराला जवळ येऊ दिले. तो काही विशेष देखणा नव्हता, त्याचे गाणेही आमच्या कानाला खरबरीत वाटे. त्याच्यात तिला काय दिसले हे मला सांगता येणार नाही, आणि सांगता आले असते तर पक्षी निवडून विकणे फार सोपे झाले असते. राखाडी नरालाही त्याच्याच रंगाची एक मादी मिळाली, तीसुद्धा एवढ्या लवकर की त्याच्यात काही खोट असावी हा आमचा तर्क निकालात निघाला.

जोडी जमली हे गाण्यावरून ओळखू नये. नर कोणत्याही मादीपुढे गातो, कधी दुसऱ्या नरापुढेही गातो. खरी खूण शांत वेळी दिसते. दुपारच्या उन्हात सगळे पक्षी सुस्तावले की जमलेले दोघे दांडीवर अंगाला अंग लावून बसतात, मधे बोटभरही फट नसते. मग एक जण मान वाकडी करून डोळे मिटतो आणि गळ्याची पिसे फुलवतो, आणि दुसरा चोचीच्या टोकाने त्या पिसांतून एकेक पीस हलकेच ओढून साफ करतो. विशेषतः गाल, हनुवटी आणि मानेची मागची बाजू, जेथे पक्ष्याची स्वतःची चोच पोहोचत नाही. थोड्या वेळाने पाळी बदलते. याच दोघांतला एक नजरेआड झाला की दुसरा मोठ्याने साद घालू लागतो, आणि तो दिसला की लगेच थांबतो. आम्ही पांढरीला नखे कापण्यासाठी क्षणभर बाहेर काढले तेव्हा तपकिरी नराने पिंजऱ्याच्या चारही बाजूंनी उड्या मारत घर डोक्यावर घेतले होते. लव्हबर्ड किंवा बजरीगर पाळणाऱ्यांना नर मादीला चोचीने भरवतो हे पाहण्याची सवय असते आणि फिंचमध्ये तसे दिसले नाही की ते निराश होतात. पण फिंच नर मादीला भरवतच नाही, त्यामुळे त्याची वाट पाहू नये. आणखी एक खूण म्हणजे नर उगाच एखादे गवताचे पाते चोचीत धरून मादीजवळ मिरवू लागतो. ते दिसू लागले की दोघांना वेगळ्या पिंजऱ्यात हलवण्याची वेळ झाली असे समजावे.

काळवेळही पाहावी लागते. हे पक्षी ठरावीक ऋतूचे बांधील नाहीत. त्यांच्या मूळ प्रदेशात केव्हा पाऊस पडेल याचा भरवसा नसतो आणि पाऊस पडून गवताला दाणे धरले की ते घरटी करतात. त्यामुळे पिंजऱ्यात ते बाराही महिने तयार असतात, आणि कधी नको हे आपल्यालाच ठरवावे लागते. गोव्यात आषाढ-श्रावणात दाण्यांना बुरशी धरते आणि उकडलेले अंडे तासाभरात आंबते. त्यानंतर चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, येते. तेव्हा आम्ही सगळे मूळ घरी पेडण्याला जातो, आणि पिल्ले असलेला पिंजरा शेजाऱ्यांवर सोपवून जाता येत नाही. दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुराच्या मिरवणुकीतील ध्वनिक्षेपक पहाटेपर्यंत चालू असतात आणि मग फटाके लागतात. रात्री दचकलेला फिंच अंधारात भडकून जाळीवर आपटतो आणि घरट्यातून बाहेर पडला तर त्याला परतीची वाट सापडत नाही, अंडी तेवढ्यात गार होतात. म्हणून टोपली दिवाळीनंतर बऱ्याच अवधीने, पौषात लावली. तेव्हा येथे रात्रीचे तापमान 20 अंशांच्या आसपास आणि दुपारचे 32 पर्यंत असते, हवा कोरडी असते आणि वीजही फारशी जात नाही.

टोपली लावण्यापूर्वी मादीच्या अंगात चुना, म्हणजे कॅल्शियम, भरपूर हवा. पाच-सहा दिवसांत ती स्वतःच्या वजनाच्या एक तृतीयांशाहून अधिक भाराची अंडी घालते, आणि त्यांची कवचे तिला कोठून तरी आणावी लागतात. बाजारात मिळणारा दाणा, म्हणजे राळे, वरी आणि थोडी बाजरी यांचे मिश्रण, एवढ्यावर हे भागत नाही. आम्ही समुद्रफेस ठेवतो. माकूळ या सागरी प्राण्याच्या अंगातले हे लांबट पांढरे कवच मोरजीच्या किनाऱ्यावर फुकट सापडते; ते काही दिवस गोड्या पाण्यात, रोज पाणी बदलत भिजवून मीठ काढावे आणि कडकडीत उन्हात वाळवावे. त्याशिवाय उकडलेल्या अंड्याचे कवच भाजून, कुटून एका वाटीत वेगळे ठेवतो. हिरव्या पाल्यात शेवग्याचा पाला सर्वांत चांगला, कारण त्यात चुना पुष्कळ असतो. घरामागच्या वाफ्यातली तांबडी भाजी ते आवडीने खातात, पण तिच्यातले ऑक्झॅलिक आम्ल चुना अंगी लागू देत नाही, म्हणून ती क्वचितच देतो. चुना शरीरात जिरायला ड जीवनसत्त्व लागते आणि ते उन्हातून मिळते. काचेतून आलेले ऊन त्या कामाचे नसते. आमचा पिंजरा पूर्वेच्या पडवीत आहे आणि सकाळचे कोवळे ऊन थेट पिंजऱ्यावर येते, एवढ्यासाठीच ती जागा निवडली. हे सारे कमी पडले तर अंडे मादीच्या अंगातच अडकते. ती पिसे फुलवून तळाशी बसते, जोर करताना शेपटी वर-खाली होते, आणि तिला ताबडतोब उबेत ठेवून पशुवैद्याकडे नेले नाही तर काही तासांत ती मरते.

जागेबद्दल आणखी थोडे सांगितले पाहिजे. गोव्यातल्या घरात फिंचचे सर्वांत मोठे शत्रू मुंग्या. पिंजऱ्याचा स्टँड ज्या पायांवर उभा आहे ते पाण्याच्या वाट्यांत ठेवतो, आणि त्या पाण्यात डास होऊ नयेत म्हणून वर खोबरेलाचा थेंब सोडतो. मांजर, उंदीर आणि धामण यांच्यासाठी जाळी बारीक असावी आणि रात्री मागची बाजू कापडाने झाकावी. देवघर पडवीला लागून असल्यामुळे आईची धूप-आरती मात्र आत हलवावी लागली. पक्ष्याचे फुफ्फुस धूर सहन करत नाही, डासांच्या कॉइलचाही नाही, आणि फार तापलेल्या नॉनस्टिक तव्याची वाफ तर या पक्ष्याला मिनिटांत मारू शकते. धुपाची जागा बदलायला आई सहज तयार झाली. मी देवासमोर पिंजरा ठेवला हे तिला पहिल्या दिवसापासूनच पसंत नव्हते.

घरट्यासाठी वेताची, पुढून अर्धी उघडी टोपली वापरली आणि ती वरच्या कोपऱ्यात, दांडीपेक्षा थोडी उंच बांधली. नारळाच्या सोडणाचा काथ्या बोटभर लांबीचा कापून आणि वाळलेले मऊ गवत पिंजऱ्याच्या तळाशी ठेवले. सूत, लोकर, केस यांचे लांब धागे कधीही देऊ नयेत, ते पिल्लांच्या पायात गुंततात. काम वाटून घेतलेले असते: नर खाली उतरून एकेक काडी निवडतो, ती मधोमध न धरता एका टोकाला धरतो म्हणजे टोपलीच्या तोंडात अडकत नाही, आणि वर नेऊन मादीच्या स्वाधीन करतो, मादी आत बसून ती काडी छातीने दाबते, पुन्हा ओढून काढते, वळवून लावते. दोघे आत असले की अगदी हळू, कुजबुजल्यासारखा आवाज येतो, आणि तो आवाज ऐकला की पुढचे काम होणार अशी खात्री बाळगावी. पहिले अंडे दिसताच उरलेला काथ्या आणि गवत काढून घेतले. सामान मिळत राहिले तर नर घरटे बांधतच राहतो, अंड्यांवर नवा थर घालतो आणि मादी त्या थरावर पुन्हा अंडी घालते.

अंडी पांढरीशुभ्र, वजनाला साधारण एक ग्रॅमची. मादी रोज सकाळी एक घालते आणि एकूण चार ते सहा होतात. तीन-चार झाल्याशिवाय ती नेटाने बसत नाही, म्हणून पहिल्या अंड्यावर कोणी बसले नाही म्हणून हवालदिल होऊ नये. दिवसा दोघे पाळीपाळीने उबवतात. एक बाहेर येतो, पंख ताणतो, खातो, तोवर दुसरा आत जाऊन बसलेला असतो. रात्री दोघेही आतच असतात. आठवडाभराने दोघे बाहेर असताना आम्ही अंडी मोबाईलच्या विजेरीसमोर धरून पाहिली. फळलेल्या अंड्यात तांबड्या शिरांचे जाळे दिसते आणि पुढे ते गडद होत जाते. न फळलेले स्वच्छ पिवळसर दिसते. पांढरीच्या पहिल्या वेताची, म्हणजे पहिल्या खेपेची, सगळी अंडी स्वच्छ निघाली. पहिल्यांदा बसणाऱ्या जोडीच्या बाबतीत हे पुष्कळदा होते, आणि अशी अंडी लगेच काढून घेतली तर मादी लगोलग नवी घालू लागते व तिचे अंग झिजते, म्हणून ती पुरता काळ तशीच राहू दिली आणि दोघांनी आपण होऊन बसणे सोडल्यावर काढली. राखाडी जोडीची मात्र पहिल्याच वेताला फळलेली होती.

अंडी फुटायला 12 ते 14 दिवस लागतात. या काळाविषयीची एक गोष्ट गोव्यासारख्या उष्ण ठिकाणी राहणाऱ्यांनी जाणून घेण्यासारखी आहे. ऑस्ट्रेलियातील डीकिन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016 साली 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिले की बाहेरचे तापमान 26 अंशांच्या वर गेले की उबवणीच्या अखेरच्या दिवसांत झेब्रा फिंच आपल्या अंड्यांना उद्देशून एक विशेष आवाज काढतात, आणि तो ऐकलेली पिल्ले उष्ण घरट्यात कमी वजनाची राहतात. ही उणीव नसून सोय आहे, कारण अशी उष्णतेत लहान राहिलेली पिल्ले मोठेपणी अधिक संतती वाढवतात असे त्यांना आढळले. आपल्याकडे दुपारचे 26 अंश ओलांडलेले नाहीत असा दिवस क्वचितच असतो. तो आवाज आम्ही ऐकला असे मी म्हणणार नाही, कारण त्या दिवसांत टोपलीपाशी कान नेण्याचा मोह आवरणे हेच मुख्य काम असते.

राखाडी जोडीची पिल्ले बाहेर आली ती सकाळी कळली, तळाशी पडलेल्या अर्ध्या कवचावरून. पिल्लू पहिल्या दिवशी ग्रॅमभराचेही नसते. गुलाबी अंग, त्यावर तुरळक पांढरी लव, डोळे मिटलेले, आणि तोंड उघडले की आत काळे ठिपके दिसतात, जे पाहून आईबाप घास घालतात. येथून पुढे आहार रोजचा राहत नाही. उकडलेले अंडे कवचासह कुस्करून आणि भिजवून मोड आणलेले राळे व नाचणी सकाळी आणि दुपारी थोडे थोडे देतो आणि दोन तासांत उरलेले काढून टाकतो. दाण्याची वाटी भरलेली दिसते पण वर नुसती फोले असतात, कारण फिंच दाणा सोलून फोल तेथेच टाकतो. पिल्ले असताना दिवसातून दोनदा फुंकर मारून वाटी पाहावी लागते. शेजारच्या वहिनी वाटी भरलेली आहे असे पाहून दाणा न घालता गेल्या असत्या तर पाखरे उपाशी राहिली असती, म्हणून एक दिवस त्यांच्यावर काम सोपवताना हे मुद्दाम दाखवून दिले होते.

सहाव्या-सातव्या दिवशी डोळे उघडतात, मग पिसांच्या नळ्या फुटतात, आणि 18 ते 21 दिवसांत पिल्ले टोपलीच्या कडेवर येऊन बसतात. चोच काळी असते. बाहेर पडल्यावर काही दिवस ती रात्री झोपायला टोपलीत परततात आणि संध्याकाळी त्यांना आत घालण्यासाठी नराची जी धावपळ चालते ती पाहण्यासारखी असते. भरवण्याचे काम या टप्प्यावर बरेचसे त्याच्याकडेच येते, कारण मादी पुढच्या अंड्यांच्या विचारात असते. याच सुमारास पिल्लांच्या पाठीची पिसे उपटलेली दिसू लागली, तर तो आजार नव्हे. नव्या घरट्याला अस्तर हवे म्हणून आईबापच ती ओढतात. मूठभर काथ्या ठेवला की ते थांबते.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात पिल्ले आपापली खाऊ लागतात आणि मग त्यांना वेगळे करणे भाग पडते, पण फार दूर नाही. मुलगे गाणे बापाकडून शिकतात. साधारण पंचविसाव्या दिवसापासून नव्वदाव्या दिवसापर्यंत ते ऐकतात, अडखळत म्हणून पाहतात, आणि त्यानंतर जे बसले ते जन्मभराचे. त्यांचा पिंजरा आम्ही बापाच्या पिंजऱ्याला लागूनच ठेवला. दोन महिन्यांच्या आसपास गालांवर रंग चढू लागला की नर आणि माद्या निराळ्या कराव्यात, नाहीतर भावंडेच आपसात जोड्या जमवतात.

पांढरीच्या दुसऱ्या वेताची अंडी फळली आणि तिचीही पिल्ले फाल्गुनात उडाली. त्यानंतर दोन्ही पिंजऱ्यांतल्या टोपल्या काढल्या. मादीला लागोपाठ दोन-तीन वेतांपेक्षा अधिक बसू देऊ नये, आणि पुढे चैत्र-वैशाखाचा उकाडा असतो. अंड्याचा आहार बंद करून नुसत्या दाण्यावर आणले की त्यांची घाई कमी होते, निदान तसे सांगतात. तपकिरी नराने मात्र टोपली गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी अंघोळीच्या थाळीजवळ वाळत पडलेल्या दुर्वांच्या काड्या उचलून दाण्याच्या वाटीत रचायला घेतल्या आणि पांढरी त्यात जाऊन बसली. तेव्हा उघड्या वाट्या काढून आम्ही अरुंद तोंडाच्या, बाहेरून अडकवायच्या वाट्या लावल्या, आणि हिरवे गवत जाळीला चिमट्याने लावून संध्याकाळी काढून घेऊ लागलो.